पंखा फिरता ठेवा

विमानाचं इंजिन बंद पडलं तर ते निदान तरंगत खाली येईल, हेलिकॉप्टर मात्र दगडासारखं कोसळणार, हा समज मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकत आलो आहे. त्यात डॉक्टर होते, साखर कारखान्याचे संचालक होते, एकदा तर मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापकही होते. हवाई दलात चेतक आणि चीता, पुढे जुहूहून समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर फेऱ्या, मधल्या काळात निवडणुकीचे दौरे आणि लग्नाच्या वराती, असं सगळं उडवून झाल्यावर आता मी नव्या मुलांना शिकवतो. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो आहे. क्रम मागेपुढे झाला तरी चालेल. दुसरा मुद्दा मात्र झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे.

१. हेलिकॉप्टरला उचलतो पंखा. इंजिनाचं काम त्याला फिरवण्यापुरतंच.

एवढं डोक्यात बसलं की निम्मी भीती जाते. पंख्याचं प्रत्येक पातं म्हणजे एक लांबट, अरुंद पंख. पंखावरून वारा वाहता ठेवण्यासाठी विमानाला अख्खं धावावं लागतं. हेलिकॉप्टर जागच्या जागी राहून नुसते पंख फिरवतं. वैमानिकाच्या डाव्या हातात कलेक्टिव्ह असते. ती दांडी वर ओढली की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि हेलिकॉप्टर उचललं जातं. उजव्या हातात सायक्लिक. ती जिकडे झुकवाल तिकडे फिरत्या पंख्याची चकती कलते आणि हेलिकॉप्टर तिकडे निघतं. पायाखाली पेडल, शेपटीच्या छोट्या पंख्यासाठी. तो पंखा नसेल तर मोठा पंखा एकीकडे आणि खालचं धड उलटीकडे, असा गरगरा सुरू होईल.

इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये फ्रीव्हील नावाचा एक भाग असतो. इंजिन जोर लावतंय तोवर तो दोघांना धरून ठेवतो आणि इंजिन मंदावलं की आपोआप सुटतो. त्यामुळे बंद पडलेलं इंजिन पंख्याच्या गळ्यात लोढणं होऊन राहत नाही. शेपटीचा पंखा मोठ्या पंख्याच्याच गिअरबॉक्सवरून फिरत असल्याने पेडलही कामाचं राहतं.

मग पंखा फिरवतं कोण? हवा. एरवी पंखा वरची हवा ओढून खाली ढकलत असतो. इंजिन गेल्यावर हेलिकॉप्टर खाली यायला लागतं, हवा खालून वर पंख्यातून जायला लागते, आणि पात्यांचा कोन कमी ठेवला असेल तर हीच हवा त्यांना फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात, आम्ही नुसतं ‘ऑटो’ म्हणतो. सह्याद्रीत माधवीलतेचं फळ ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. तीन पंखांचं ते वाळलेलं फळ वेलीवरून सुटलं की गरगरत, रेंगाळत उतरतं आणि वारा असेल तर वेलीपासून चांगलं लांब जाऊन पडतं.

स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाने या तत्त्वावर अख्खं यान बांधलं. त्याच्या ऑटोजायरोला पुढे विमानासारखा पंखा होता, तो यानाला ओढायचा. डोक्यावरचा पंखा उडताना इंजिनाला जोडलेलाच नसायचा, हवेनेच फिरायचा. माद्रिदजवळच्या हेताफेला १९२३च्या जानेवारीत ते उडालं. पात्यांना मुळाशी बिजागरी देऊन वरखाली हलू देण्याची त्याची युक्ती या ना त्या रूपात आजच्या हेलिकॉप्टरांतही आहे. जर्मनीचं फॉके-वुल्फ एफडब्ल्यू ६१ उडालं १९३६मध्ये, सिकोर्स्कीचं व्हीएस-३०० जमिनीवरून उठलं १९३९मध्ये. म्हणजे इंजिनाविना फिरणारा पंखा आधी कामाला लागला आणि धड उडणारं हेलिकॉप्टर त्याच्या मागून आलं. वेग कमी झाला की विमान पडतं, त्यावर तोडगा म्हणून सिएर्वाने हे सगळं काढलं होतं. तो स्वतः १९३६मध्ये क्रॉयडनहून निघालेल्या साध्या प्रवासी विमानाच्या अपघातात गेला.

२. कलेक्टिव्ह खाली. बाकी सगळं नंतर.

इंजिन जातं त्या क्षणी पाती मोठ्या कोनात असतात, कारण ती हेलिकॉप्टरचं सगळं वजन पेलत असतात. तो कोन तसाच राहिला तर हवेचा विरोध पंख्याचे फेरे खाऊन टाकतो, आणि त्याला सेकंद-दोन सेकंद पुरतात. पात्याची उचल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असते. फेरे ९० टक्क्यांवर आले तर उचल ८१ टक्के, ८० टक्क्यांवर आले तर ६४. पात्यांना आडवं ताणून धरणारा जोरही याच हिशेबाने घटतो, म्हणजे पाती वर वळायला लागतात. एका मर्यादेखाली फेरे उतरले की मग खाली कितीही उंची शिल्लक असो आणि वैमानिक कितीही मुरलेला असो, ते परत येत नाहीत. रॉबिन्सन आर२२ सारख्या हलक्या पात्यांच्या हेलिकॉप्टरात ही सवड फारच थोडी मिळते. पाती जड असतील तर जरा जास्त.

डावा हात खाली जातो त्याच वेळी पाय हलला पाहिजे. चेतक आणि चीता मूळ फ्रेंच घराण्यातले. वरून पाहिलं तर त्यांचा पंखा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. इंजिन गेलं की नाक उजवीकडे झटका घेतं आणि डावं पेडल द्यावं लागतं. अमेरिकी हेलिकॉप्टरात सगळं उलटं. फ्रेंचवर वर्षं काढून अमेरिकीवर बसलेल्या वैमानिकाचे पाय काही दिवस जुन्या धन्याचंच ऐकतात. म्हणून नवीन हेलिकॉप्टरवर गेल्यावर मी मुलांना रात्री झोपण्याआधी खुर्चीत बसून हातपाय हलवायला लावतो. घरचे हसतात, हसू देत.

हकीमपेटला हवाई दलाच्या हेलिकॉप्टर शाळेत आमचे एक इन्स्ट्रक्टर होते. खाली तळं दाखवत, पाऊसपाण्याचं बोलत, घरच्यांची चौकशी करत असतानाच ते इंजिन कमी करायचे. त्यांनी घरची चौकशी सुरू केली की आमचा डावा हात आपसूक आवळायचा. त्यांना तेच हवं होतं. कारण इंजिन गेल्याचं आधी कानाला कळतं: डोक्यामागची ती कायमची किंचाळी एकदम खाली उतरते. मग नाक वळतं. मग हॉर्न वाजतो. डोळा घड्याळांवर जाईपर्यंत हात खाली गेलेला पाहिजे.

नवी मुलं विचारतात, “सर, मेडे, म्हणजे रेडिओवरची संकटाची हाक, कधी द्यायचा?” वेळ उरला तर. मेडे ऐकून कोणी वर येऊन आपला पंखा फिरवणार नाही.

३. उंची ही शिल्लक आहे, पण पायाखालची.

साठ नॉट, म्हणजे ताशी शंभर-एकशे दहा किलोमीटर, हा बऱ्याच हेलिकॉप्टरांचा ऑटोतला सोयीचा वेग. त्या वेगाने उतरताना मिनिटाला दीड ते दोन हजार फूट उंची जाते. हजार फुटांवर इंजिन गेलं तर हातात अर्धा मिनिट, फार तर चाळीस सेकंद, आणि तेवढ्यात एक-सव्वा किलोमीटर जाता येतं. जेट प्रवासी विमान इंजिनांशिवाय उंचीच्या पंधरा-सतरा पट अंतर कापतं, हेलिकॉप्टर चौपट. त्या बाबतीत विमान श्रेष्ठ आहे, वाद नाही. पण विमानाला शेवटी धावपट्टी लागते, आपल्याला चांगल्या घराच्या अंगणाएवढी जागा पुरते.

या उतरण्यात पातं सगळीकडे सारखं काम करत नाही. सरळ खाली येताना मुळाजवळचा साधारण पाव भाग निकामी असतो. मधला भाग हवेतून जोर घेऊन पंखा फिरवतो. टोकाकडचा तिसरा हिस्सा तो जोर खर्च करून उचल देतो. फेरे कमी पडले तर कलेक्टिव्ह आणखी खाली, फार वाढले तर जराशी वर. वळण घेतलं की फेरे वाढतात, हेलिकॉप्टर जड असलं तरी वाढतात. खाली येत असताना डोळ्यांना दोनच ठिकाणं: फेऱ्यांचा काटा आणि जिथे उतरायचं ती जमीन.

आजवरची सगळ्यात मोठी ऑटो केली ती चीताच्याच घरातल्या हेलिकॉप्टरने. आपला चीता म्हणजे फ्रान्सचं लामा, हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवान्यावर बांधलेलं. २१ जून १९७२ रोजी जाँ बुलेने दक्षिण फ्रान्समधल्या इस्त्रहून लामा उडवलं आणि १२,४४२ मीटरवर नेलं. चाळीस हजार फुटांहून वर, जिथे प्रवासी जेट उडतात. वजन वाचवायला आत गरजेपुरतंच सामान ठेवलं होतं. विक्रम झाला, खाली यायला म्हणून त्याने शक्ती कमी केली आणि त्या गारठ्यात इंजिन विझलं. परत पेटलं नाही. तिथून थेट जमिनीपर्यंत तो ऑटोतच आला आणि नीट उतरला. एका फेरीत दोन विक्रम, त्यातला दुसरा मागितला नसताना.

हा किस्सा सांगितला की मुलं खूश होतात, म्हणून लगेच सियाचीनचं सांगतो. तिथे चीता वीस हजार फुटांच्या आसपासच्या चौक्यांवर उतरतो, पण बर्फ पायाखाली शंभर-दोनशे फुटांवर असतं. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा तिथे काही उपयोग नाही. हवा विरळ, म्हणून घसरण जास्त वेगाची. आणि उतरायला जागा म्हणावी तर भेगाळलेली हिमनदी. त्या फेऱ्या करणाऱ्यांना हे सगळं ठाऊक असतं आणि तरी ते जातात, कारण वर रॉकेल आणि औषधं पोचवायची असतात.

४. सगळ्यात वाईट जागा म्हणजे थोडं उंच आणि जागच्या जागी.

प्रत्येक हेलिकॉप्टरच्या मॅन्युअलमध्ये उंची आणि वेगाचा एक आलेख असतो. त्यातल्या रेघा मारलेल्या भागाला वैमानिकांनी ‘डेड मॅन्स कर्व्ह’ असं नाव ठेवलंय. जमिनीपासून चार-पाच फुटांवर हॉवर करताना, म्हणजे हवेत जागच्या जागी थांबलेलं असताना, इंजिन गेलं तर काही होत नाही. पंख्यात उरलेल्या जोरावर कलेक्टिव्ह ओढून बसायचं. पाच-सहाशे फुटांवर गेलं तर नाक खाली घालून वेग पकडायला जागा असते. मधल्या पट्ट्यात, शंभर-दीडशे फुटांवर, वेग शून्य असेल तर ना उंची कामाची ना वेग. तिथे कौशल्य बिशल्य काही चालत नाही.

आणि नेमकं तिथेच लोकांना आपण हवे असतो! लग्नात नवरानवरीवर फुलं टाकायची असतात. मंडपावर सावकाश जायचं, शक्यतो थांबायचं, शक्यतो खाली. एका लग्नात नवरीचे मामा आदल्या दिवशीच्या फेरीला माझ्या शेजारी बसले होते.

“कॅप्टनसाहेब, एवढ्या वरून फुलं नवरीवर कशी पडायची? पैसे तर पूर्ण मोजलेत.”

“मामा, खाली आलो तर पंख्याचा वारा तुमचा मंडप घेऊन जाईल.”

हे खरंच होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं मी त्यांना सांगितलं नाही. लग्नाघरी अशा गोष्टी बोलू नयेत. दुसऱ्या दिवशी वेग ठेवूनच मंडपावरून गेलो. निम्म्या पाकळ्या जेवणाच्या पंगतीवर पडल्या, काही शेजारच्या गोठ्यावर. एक इंजिन असलेल्या हेलिकॉप्टरने गर्दीच्या डोक्यावर थांबणं हे माझ्या मते कोणत्याही रकमेला करू नये. नियमात काय बसतं हा वेगळा प्रश्न.

५. वरून जमीन सपाटच दिसते.

उडत असताना कायम एक रान निवडून ठेवायचं, ते मागे पडलं की पुढचं. अर्ध्या मिनिटात शोधायला बसलात तर हाताशी येईल ते घ्यावं लागतं. आपल्याकडच्या जमिनीचे डाव ओळखायला शिका. उभा ऊस वरून मऊ आणि एकसारखा दिसतो. तो दहा-बारा फूट उंच असतो आणि शेपटीचा पंखा त्यात गेला की संपलं. कोकणात भातखाचरं: प्रत्येकाला बांध, आणि प्रत्येक खाचर वेगळ्या पातळीवर. नाशिककडे द्राक्षबागा: हिरव्या पानांखाली लोखंडी अँगल आणि तारांचं जाळं. पावसाळ्यात काळं रान टाळा. एक चाक रुतलं आणि हेलिकॉप्टर कललं की फिरतं पातं जमिनीला लागतं. जुन्या विहिरींना कठडा नसतो आणि भोवती गवत माजलेलं असतं. मराठवाड्यातलं आणि सोलापूरकडचं पडीक रान उन्हाळ्यात सगळ्यात बरं.

तार दिसत नाही, खांब दिसतो. दोन खांब दिसले की मधे तार आहे असंच धरायचं, मग ती तुटून पडलेली का असेना. मोठ्या हायटेन्शन लायनीपेक्षा विहिरीच्या पंपाकडे गेलेली एकेरी लाइन जास्त फसवते.

वारा बघायचा तो पाचट जाळल्याच्या धुरावर, देवळाच्या पताकेवर, तळ्यातल्या तरंगांवर. वाऱ्याच्या तोंडाकडे उतरलं की जमिनीवरून धावण्याचा वेग तेवढाच कमी होतो. मी अजूनही एसटीने जाताना खिडकीतून रानं निवडत असतो. बायको म्हणते, “जमीन घ्यायचा विचार आहे का?”

६. शेवटचे शंभर फूट घाईने घालवू नका, रेंगाळूनही नाही.

माझ्या वाट्याला हे खरोखरचं आलं ते उन्हाळ्याच्या तोंडाशी, मराठवाड्यात. तेव्हा मी एका खासगी कंपनीत होतो, हेलिकॉप्टर एका इंजिनाचं, मागे दोन सर्व्हेवाले. उंची पंधराशे फुटांच्या आसपास. आवाज गेला. खोटं सांगत नाही, पहिल्या क्षणी मला वाटलं कानातला हेडसेट बिघडला. पण तोवर हात खाली गेला होता.

डावीकडे नांगरून टाकलेलं रान होतं, पलीकडे बांधावर बाभळी. वारा समोरून होता. रान निवडल्यावर एकच गोष्ट बदलली: नांगराच्या तासांना समांतर यायचं म्हणून थोडं वळण जास्त घेतलं. तासांना आडवं उतरून जरा जरी घसरलो असतो तरी स्किड, म्हणजे चाकांऐवजी असलेल्या खालच्या दांड्या, मातीत रुतून हेलिकॉप्टर पालथं झालं असतं.

शंभरेक फुटांवर फ्लेअर. सायक्लिक हळूहळू मागे घ्यायची, नाक वर येतं, पंख्याची चकती समोरच्या वाऱ्याला अडवून उभी राहते. एका हालचालीत तीन कामं होतात: पुढचा वेग मरतो, घसरण मंदावते आणि तो सगळा वेग पंख्यात फेऱ्यांच्या रूपाने जमा होतो. फेऱ्यांचा काटा वर सरकताना दिसतो तेव्हा जीव जरा भांड्यात पडतो. त्या वेळी समोर आभाळच दिसतं, म्हणून बाजूला बघायचं. माझ्या डाव्या खिडकीत तेव्हा एक बाभूळ होती आणि तिच्यावरून मी उंची मापत होतो. मग नाक सरळ, नाहीतर शेपटी आधी टेकते. आणि अगदी शेवटी, जमीन माणूसभर खाली राहिली की कलेक्टिव्ह वर. पंख्यात साठवलेलं सगळं तेव्हाच आणि एकदाच खर्चायचं. लवकर ओढली तर दहा-पंधरा फुटांवर हात रिकामे, उशिरा ओढली तर पाठीचा कणा जातो.

आम्ही टेकलो, जरासं पुढे सरकलो, थांबलो. मागून आवाज आला, “आलं का गाव?” पाचच मिनिटांत एक शेतकरी कळशी घेऊन हजर झाला. पाणी दिलं, हेलिकॉप्टरभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “पेट्रोल संपलं का हो?” तपासात इंधनाचा पुरवठा राखणाऱ्या यंत्रणेतला बिघाड निघाला. टाकी निम्म्याहून जास्त भरलेली होती.

७. दोन इंजिनं म्हणजे दोन वेगवेगळे प्रश्न.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या समुद्रात खोदकाम करणाऱ्या रिगला १९७४मध्ये तेल लागलं आणि बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र उभं राहिलं. तेव्हापासून जुहूच्या जुन्या विमानतळाला, जिथे १९३२मध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले होते, हेलिकॉप्टरांमुळे नवं काम मिळालं. समुद्रावर दोन इंजिनांचंच हेलिकॉप्टर हवं, डॉफिनसारखं. पण एक इंजिन गेल्यावर दुसरं काय करू शकतं हे नीट समजून घ्या. हॉवर करायला सगळ्यात जास्त शक्ती लागते. साठ-सत्तर नॉटवर त्याहून पुष्कळ कमी. म्हणून एका इंजिनावर जुहूपर्यंत आरामात येता येतं, पण भरलेलं हेलिकॉप्टर प्लॅटफॉर्मच्या डेकवर त्याच इंजिनावर थांबवून धरता येईलच असं नाही. डेकवरून सुटताना पहिले काही सेकंद असे असतात की त्याआधी इंजिन गेलं तर परत बसायचं, त्यानंतर गेलं तर नाक खाली घालून समुद्राकडे वेग पकडायचा. तो क्षण कुठला, हे निघण्याआधी मोठ्याने बोलून ठरवायचं.

पाण्यावर उतरावं लागलंच तर बाजूचे फ्लोट फुगतात. पण इंजिनं आणि गिअरबॉक्स छतावर असल्याने हेलिकॉप्टर डोक्याने जड असतं, लाटांत उलटतं. म्हणून प्लॅटफॉर्मवर जाणाऱ्यांना तलावातल्या खोट्या केबिनमध्ये बसवून पाण्याखाली उलटं करतात. एक हात खिडकीच्या कडेवर, दुसरा पट्ट्याच्या बकलवर, आणि गोल फिरणं पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. नाकात पाणी गेल्यावर माणसाला वर-खाली कळत नाही, हातातली कड तेवढी खरी.

आणि दोन्ही इंजिनं एकदम जात नाहीत असंही कोणी समजू नये. २९ नोव्हेंबर २०१३च्या रात्री ग्लासगोत पोलिसांचं दोन इंजिनांचं ईसी१३५ एका पबच्या छतावर कोसळलं. आतले तीन आणि पबमधले सात जण गेले. मुख्य टाकीत सत्तर किलोहून जास्त इंधन शिल्लक होतं. ते इंजिनांच्या टाक्यांत पोचवणारे पंप बंद होते. एकामागोमाग एक दोन्ही इंजिनं विझली, खाली रात्रीचं शहर. इंजिनं दोन असली तरी त्यांचं जेवण एकाच चुलीवर शिजतं, हे त्या दिवसापासून मी फळ्यावर लिहून ठेवतो.

८. कधी कधी इंजिन आपणच बंद करायचं असतं.

शेपटीचा पंखा गेला तर. इंजिन मोठ्या पंख्याला फिरवतंय म्हणूनच धड उलटं फिरू पाहतं. इंजिनाचा जोर काढून घेतला की ते कारणच राहत नाही. खालच्या हॉवरमध्ये गरगर सुरू झाली तर इंजिन कापून बसायचं. वेगात असाल तर शेपटीचा उभा पंख थोडा सावरतो, मग लांब मैदान गाठून धावत उतरता येतं. नाहीच जमलं तर ऑटो. चालतं इंजिन बंद करायला हात धजत नाही, आणि मला वाटतं सरावात सगळ्यात जास्त वेळ यालाच द्यावा.

९. गिअरबॉक्सला ऑटो नाही.

इंजिन गेलं तर उपाय आहे. पंख्याचा दांडा, पात्याचं मूळ, गिअरबॉक्स यांना दुसरी सोय नाही. गिअरबॉक्सच्या तेलात एक चुंबक असतो. झिजलेल्या लोखंडाचा कीस त्याला चिकटला की समोर चिप लाइट लागतो. लागला की जवळात जवळ उतरायचं, मागे बसलेल्या साहेबांची सभा बुडाली तरी. बरेचदा तो नुसता बारीक भुगा निघतो, साहेब रागावतात, मेकॅनिक चुंबक पुसून परत लावतो. रागावू द्यावं.

१०. प्रवाशांसाठी, कारण त्यांना कोणी सांगत नाही.

शाळेच्या मैदानावर फक्कीने ‘एच’ आखलेला असतो, टँकरने पाणी मारलेलं असतं, आणि हेलिकॉप्टर टेकायच्या आत हारतुरेवाले पळत सुटतात. इंजिन बंद केल्यावर धोका संपला असं त्यांना वाटतं, तर तेव्हाच तो वाढतो. जोरात फिरणारं पातं ताणलेलं, वर असतं. फेरे कमी झाले की ताण जातो, टोक खाली लोंबतं आणि वाऱ्याच्या एखाद्या झुळकीने आणखी खाली येतं. पंखा पूर्ण थांबेपर्यंत जागचं हलू नका. घाई असलीच तर समोरून, वैमानिकाच्या नजरेतून, त्याने मान हलवल्यावरच या. शेपटीकडे कधीच नाही. तो छोटा पंखा फिरताना दिसतच नाही. टोपी, उपरणं, फेटा हातात धरा, आणि उडाला तर त्याच्यामागे धावू नका. उतारावर उतरलो असू तर चढाच्या बाजूने जाऊ-येऊ नका, तिकडे जमीन पात्याच्या जवळ आलेली असते.